हिल्डा पालिकेत शिकायला आली तेव्हा

हिल्डा कॉलेजातून इंटर्नशिपला आमच्या पालिकेत आली, तेव्हा कचऱ्याची गाडी मीच चालवत होतो. समुद्रापल्याडच्या अंबाए बेटावरची, माझ्याच गावची पोर. मला मामा म्हणायची. बाजार खात्यात तिला टेबल मिळालं, खुर्ची काही मिळाली नाही. बसायची उलट्या बादलीवर.

"खुर्ची माग की गं."

"मागितली मामा. म्हनले, कायम झालीस की देऊ."

कायम व्हायचीच तिला आस होती. काम नीट केलं तर बाजार निरीक्षक केल्सनसाहेब तिला ठेवून घेणार होते.

तिला शिकवलं थोरल्या भावानं, सायलसनं. बंदराच्या रस्त्याला फुटपाथवर गोणपाट टाकून तो भुईमुगाच्या शेंगांच्या जुड्या आणि शहाळी विकायचा. बहीणभाऊ एकाच घरात राहायचे, पण मी त्यांना कधी एकमेकांशी बोलताना ऐकलं नाही. आमच्यात बहीण वयात आली की भाऊ तिच्याशी बोलत नाही, तिच्याकडं धड बघतही नाही. सांगायचं ते मधल्या माणसाच्या तोंडून. यांच्यातलं मधलं माणूस म्हणजे सायलसची बायको नेटी. हिल्डा म्हणायची, "वैनी, त्यांना सांग, मीठ संपलंय." आणि सायलस तिथंच चुलीपाशी. उठून मीठ आणायला जायचा.

मग पर्यटकांचं मोठं जहाज येणार म्हणून फुटपाथ मोकळे करायचा हुकूम निघाला. हिल्डाला आदल्या दिवशी कळलं. घरी जाऊन तिनं नेटीला सांगितलं, "वैनी, उद्या त्यांना बंदरावर जाऊ देऊ नको."

सकाळी माझ्या गाडीतनं केल्सनसाहेब, हिल्डा आणि मी गेलो. बघतो तर सायलस रोजच्या जागी.

"वैनीनं सांगितलं न्हाई वाटतं," हिल्डा पुटपुटली.

केल्सनसाहेब माणसं उठवत निघाले. एक म्हातारी म्हणाली, "जहाजातल्या गोऱ्यांना आमची थोबाडं बघवंनात का रं?"

"थोबाडं बघवतात मावशी. टरफलं न्हाई बघवत," साहेब म्हणाले.

लोक हसले, कुरकुरत उठले. सायलस मात्र मान खाली घालून बसून राहिला.

"तुझ्या बेटाचा ना हा?" केल्सनसाहेब हिल्डाला म्हणाले. "तुमच्या बोलीत सांग त्याला."

मी म्हणालो, "साहेब, भाऊ हाय तिचा. मी सांगतो."

"भाऊ असू दे न्हाईतर सासरा. पालिकेत काम करायचं तर तोंड उघडावं लागंल. तीच सांगंल."

सगळे विक्रेते बघत उभे. हिल्डा खाली उतरली. शहाळ्यांकडं बघत म्हणाली, "उठा. इथनं उठा."

वयात आल्यापासून ती भावाशी बोलली ते एवढंच.

सायलस उठला. माल तिथंच टाकून गेला. मिळेल त्या बोटीनं बेटावर परत गेला. बहिणीनं चारचौघांत उठवलेल्या भावाला तिच्यासोबत एका घरात राहता येत नाही. राग नसतो त्यात, लाज असते.

नेटी मागं आवराआवर करत होती, तेव्हा मी गेलो. हिल्डा खोबरं पिळत बसलेली.

"वैनी, सांगितलं असतंस तर," ती म्हणाली.

"सांगितलं की," नेटी म्हणाली. "म्हनले, मी एकटाच आलो न्हाई तर बाकीचे वळखतील, बहिणीनं आधी कळवलं म्हनून. तिची नोकरी जाईल. सगळ्यांसंगं बसतो, सगळ्यांसंगं उठतो. आन् तुला गाडीत बघितल्यावर त्यांचं पायच उचलंनात बग."

हिल्डा पिळलेलंच खोबरं परत पिळायला लागली.

पुढं नेटीही गेली. हिल्डा कायम झाली, खुर्ची मिळाली. तिनं बेटावर रीतीनं लाल चटई पाठवली, माफीची. चटई परत आली नाही, ती घेतल्याचा निरोपही आला नाही. बोट आली की तिच्या नावानं अळकुड्यांची गोणी मात्र असते. हिल्डा धक्क्यावर जाते, आणणाऱ्याला विचारते, "काही म्हनले का?"

"न्हाई बा."

आधीही सायलस तिच्याशी बोलत नव्हताच. पण तेव्हा रोज सांजंला नेटीला विचारायचा, पोरगी जेवली का म्हणून.