आज ताप मोजा, बुद्धी पुढच्या रविवारी

शाळेतलं ते बुद्धिमापन शिबिर फुकट होतं. आमच्या घराला ते किती पडलं, याचा हिशेब मागाहून झाला. सात वर्षांची मनीषा जेवताना बोलेनाशी झाली, हा पहिला खर्च. तिच्या आईने माहेरच्या लग्नांना जाणं सोडलं, हा दुसरा. आणि धाकट्या संकेतचे पाढे पाठ झाले तरी त्याला बहिणीसमोर शाबासकी द्यायची आम्हाला चोरी झाली. शिबिरवाल्यांनी दिलेला एक आकडा आणि त्यापुढे ‘मंद’ हा शब्द, एवढ्याचा हा खर्च. त्या आकड्यापायीच इंदुअक्कांची ओळख झाली. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मी सुरुवातही तिथूनच करतो.

मी पाइपातला माणूस. दहावीनंतर शेतोशेती ठिबकच्या नळ्या जोडत फिरलो. आता जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याच नळ्या बनवतो. जमिनीखालची लाइन कुठे गळते, ते मी कान लावून सांगतो. धुळ्याकडच्या आमच्या गावी वडील नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगत. “हा कान रक्तातून येतो, शिकवून येत नाही,” हे वाक्य मी इतक्या सत्कारांत म्हटलं आहे की आता पुढच्या रांगेतली मंडळी ते माझ्याआधी म्हणतात.

मनीषा आमची दत्तक मुलगी, संकेत पोटचा. हे तिला कळत्या वयापासून ठाऊक आहे आणि इथे लिहायला तिची परवानगी आहे. आकडा घरात आला तसे थोरले बंधू म्हणाले, “बी परकं शे भो. पाणी कितीबी घाल.” शाळा म्हणाली, मुलीला वेगळ्या शाळेत हलवा, नव्या वर्षाआधी काय ते कळवा. मंद मुलांची शाळा म्हणजे काय, ते गावाला वेगळं सांगावं लागत नाही. पोरीच्या कपाळावर शिक्का बसणार होता. तेवढ्यात कळलं की धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, म्हणजे इंदुअक्का, दर रविवारी जळगावात येऊन मुलं तपासतात.

आमच्या आधी बोदवडचं एक जोडपं बसलं होतं. अक्कांनी त्यांच्या मुलाच्या कपाळाला हात लावला आणि चाचणीची पेटी बंद केली. “आज ताप मोजा. बुद्धी पुढच्या रविवारी.”

“बाई, सकाळच्या गाडीनं आलो हो आम्ही!”

“मग आता रिक्षानं दवाखान्यात जा. पुढच्या रविवारी तुम्ही येऊ नका, मीच बोदवडला येते.” आणि त्या खरोखर गेल्या. उपाशी, आजारी, रडून आलेल्या मुलाची बुद्धी मोजायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या टेबलावर केळीचे वेफर्स कायम असत, आणि चाचणी त्यानंतर.

मनीषाला त्यांनी आत नेलं. दार पातळ होतं आणि माझे कान तुम्हाला माहीत आहेत. अक्का आमच्या बोलीत विचारत होत्या, “काय खादं वं पोरी?” पोर म्हणाली, “भरीत.” मग चित्रं पुढे आली असावीत. वांगं, कांदा, मिरची, तुराटी. यातलं वेगळं काय?

“काहीच नही. बठ्ठं भरीतनंच शे.” म्हणजे सगळं भरिताचंच आहे.

“तुराटी खातस का?”

“मग वांगं कसावर भाजशात?”

अक्का खळखळून हसल्या. तुरीच्या वाळल्या काड्यांवरच आमच्याकडे हिवाळ्यात वांगी भाजतात. ती पोर शेतावर दर थंडीत तेच बघत आली होती. शिबिरात असल्याच उत्तरांवर फुल्या पडल्या होत्या. वर प्रश्न विचारले होते पुस्तकी भाषेत, परक्या माणसाने, घाईत.

अक्कांनी मात्र आणखी दोन रविवार घेतले. बोलीतले प्रश्न, ठोकळे, आकृत्या, सगळं झालं. शेवटी मला बोलावलं. “भाऊ, तुमची पोर मंद नाही.”

“म्हणजे हुशार निघाली?”

“साधारण आहे. चारचौघांसारखी. तुमच्यासारखी.”

मी जरा हिरमुसलो, ते त्यांना दिसलं असावं. पण मला बरं वाटावं म्हणून त्यांनी आकडा तसूभर वर सरकवला नाही. तो त्या एकटा कधी लिहीतही नाहीत. मागेपुढे किती हलू शकतो, ते सोबत लिहितात. मला म्हणाल्या, “प्रेशर गेजचा काटा त्या घडीचा, त्या जोडावरचा दाब दाखवतो ना? विहिरीत पाणी किती, ते त्याला विचारता का?” दुसऱ्याच दिवशी त्या शाळेत गेल्या, मुख्याध्यापकांसमोर बसल्या आणि मुलीला तिच्याच वर्गात ठेवूनच उठल्या.

थोरल्या बंधूंचं वाक्य तरी माझ्या डोक्यातून जाईना. एकदा नशिराबादच्या एका केळीबागेत मी अक्कांना नेलं आणि तिथेच विचारलं, “अक्का, बुद्धीत रक्त किती आणि पाणी किती?”

बाग टिश्यू कल्चरची होती. त्यांनी कडेच्या ओळीतले किरकोळ घड दाखवले. “ही सगळी रोपं एकाच वाणाची, एकाच रक्ताची. मग हे घड लहान का?”

“लॅटरल, म्हणजे या ओळीची बारकी नळी, चोकअप आहे. पाणीच पोचलं नाही.”

“म्हणजे इथला सगळा फरक पाण्याचा. आता दहा ठिकाणांहून आणलेले कंद लावा आणि पाणी सगळ्यांना सारखं द्या. मग फरक कशाचा?”

“कंदाचा.”

“तर आता सांगा, घडात रक्त किती, पाणी किती?”

“कोणत्या बागेत विचारता, त्यावर आहे.”

“माझ्या एम.ए.च्या मुलांना हे कळायला एक सत्र जातं,” त्या म्हणाल्या. मी छाती फुगवणार तोच पुढे म्हणाल्या, “पण रक्ताचा वाटा नाहीच, असंही घरी जाऊन सांगू नका. तो आहे. शंभर घरं बघितली की दिसतो. एका पोरीकडे बोट दाखवून मात्र तो काढता येत नाही.”

अक्कांचं मोठेपण मला इथे दिसतं. आकड्यापुढे त्या मान तुकवत नाहीत आणि आकडा उधळूनही लावत नाहीत. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं खेडी पालथी घातली, चाचणीतली चित्रं बदलली, आणि बदललेली चित्रंही पुन्हा तपासली. मी कारखान्यातर्फे ‘बुद्धिमान विद्यार्थी सत्कार’ असा फलक रंगवला, तर कार्यक्रमाच्या सकाळी त्यांचा फोन आला: “भाऊ, पहिला शब्द पुसा, नाहीतर मी येत नाही.” आम्ही पुसला. त्या आल्या, आणि जेवताना भरीत दोनदा मागून घेतलं.

अक्का, तुमची पेटी अजून पुष्कळ वर्षं उघडत राहो, तुमच्या टेबलावरचे वेफर्स संपत राहोत आणि तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, एवढंच खानदेशातल्या आम्हा सगळ्या आईबापांचं मागणं आहे. पुढे जे सांगतो, त्यावर “एका पोरीवरून सिद्धांत काढू नका भाऊ,” असं तुम्ही म्हणाल, हे ठाऊक आहे. काढत नाही. नुसतं कळवतो.

संकेत आता कारखान्याचं ऑफिस सांभाळतो. जमिनीला कान लावला तर त्याला काही ऐकू येत नाही. गळती शोधायला मनीषा जाते.