दोन पायांवर दोन बाळं

पाळणाघरातल्या मावशी पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही पायांवर एकेक बाळ डुलत होतं. दोघांना मिळून अंगाई एकच. मी पोटावर हात ठेवून बघत राहिले. एम.ए.चं शेवटचं वर्ष आणि पोटात जुळी. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, किती छान! पण फी दोघांची लागेल हं." जुळी म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी आधी 'छान' येतं आणि मागोमाग 'पण'. माझी शिष्यवृत्ती एका बाळालाही पुरायची नाही. चिडून मी मावशींना विचारलं, "दोघांना एकदम झोपवता, मग पगारही दुप्पट असेल ना?"

"कुठलं काय ताई! पगार एकच. त्यातला निम्मा माझ्या लेकीला सांभाळणारी घेते."

आता चिडायचं तरी कोणावर? मावशींचे पाय हलतच होते.