साठ टक्क्यांच्या आत

जगातली प्रत्येक वस्तू तिला झेपेल त्याहून जास्त ओझं वाहते आहे, अशी माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतकी पक्की खात्री असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आंबिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. तिथे दर पंधरा मिनिटांनी दाबाच्या काट्याकडे पाहायचं असे. निवृत्तीनंतर काटा गेला, पाहायची सवय राहिली. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात मिक्सर चालू असताना इस्त्री लावायला बंदी होती. ठाण्याला बहिणीचं लग्न झालं तेव्हा आशीर्वाद द्यायला वर आलेल्यांपैकी सहा जणांना त्यांनी हात धरून स्टेजवरून खाली उतरवलं. त्यांत माझे दोन काका होते. "खालच्या फळ्या बघितल्यात का?" एवढंच त्यांनी विचारलं. एकदा माजिवड्याहून घोडबंदरकडे जाताना चढ लागला, तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला टेप बंद करायला सांगितलं. "काका, टेप बॅटरीवर चालतो," तो म्हणाला. "आणि बॅटरी कोण चार्ज करतं रे?" रिक्षावाल्याने थोडा विचार केला आणि टेप बंद केला. उतार लागल्यावर "आता लाव" असं सांगूनही त्याने तो लावला नाही.

नव्व्याण्णव साली त्यांच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. धाकटा मुलगा शिरीष, म्हणजे माझ्या बहिणीचा दीर, अमेरिकेत होता. त्याचे कागद अडकले होते. तेव्हा निघाला असता तर परत जाता आलं नसतं. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही, पण महिन्यांची भाषा बंद केली. शिरीषने ओळखीच्या माणसाबरोबर एक छोटा कॅमेरा पाठवला. तो कॉम्प्युटरला जोडायचा, फोनच्या लायनीवरून इंटरनेट लावायचं, की आई तिकडे त्याच वेळी दिसणार होती. पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला चित्र गोठलं. "बाबा, मशीन जुनं आहे," माझी बहीण नीता म्हणाली. त्यांनी मात्र पडद्यावर एक लहानशी चौकट शोधून काढली. प्रोसेसरवर किती भार आहे ते तिथे टक्क्यांत दिसत होतं. आकडा शंभर होता.

"शंभरावर कोण चालवतं? फुटेल ते. साठाच्या आत हवं," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा काटा मिळाला होता.

पुढचे आठ दिवस त्यांनी भार उतरवला. पडद्यामागचं फुलांचं चित्र काढलं. व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम बंद केला. चित्राचा आकार पोस्टाच्या तिकिटाएवढा केला. सेकंदाला पंधरा चित्रं जात होती, ती पाचावर आणि मग एकावर आणली. आवाज तोडला, बोलणं नीताने टाइप करायचं ठरलं. पत्नी रोज वेणी घालून, उशीला टेकून वाट पाहत असे. "अहो, तुमचे टक्के उतरेपर्यंत मी राहीन ना?" तिने एकदा विचारलं. "बाहत्तर झालेत," ते म्हणाले.

उरलेला भार कशाचा, ते मी त्यांच्याकडे गेलो त्या दिवशी सापडलं. कॅमेऱ्यातलं चित्र अमेरिकेला जात होतंच, शिवाय आपल्या पडद्यावरही उमटत होतं. "ते आपल्याला कशाला? ती इथेच तर आहे," म्हणत त्यांनी ती खिडकी बंद केली. आकडा अठ्ठावन्नवर आला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना स्वतः चहा करून दिला.

रविवारी सकाळी संपर्क लागला आणि सव्वीस मिनिटं टिकला. त्यांनी मला खोलीबाहेर बसवलं होतं. आत कॅमेरा सुतळीने खुर्चीच्या पाठीला बांधलेला होता. नीता अक्षरं पाहत होती, ते आकडा पाहत होते, आणि दोघांचीही पाठ पलंगाकडे होती. "छान दिसतेस आई," नीताने शिरीषचं वाक्य वाचून दाखवलेलं मला बाहेर ऐकू आलं. "सत्तावन्न," ते म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांची पत्नी गेली. कागद सुटले आणि शिरीष तेराव्याला पोचला. गच्चीवर आम्ही दोघेच होतो तेव्हा तो म्हणाला, "दादा, आई दोन-तीन मिनिटंच दिसली. मग ती खाली घसरली. पुढे नुसती उशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बाबांनी सगळं बंद करून पहिल्यापासून लावलं असतं. पुन्हा लागलं असतं की नाही, काय माहीत. ती बोलली की उशीचा कोपरा हलायचा. सेकंदाला एकदा दिसायचं. मी तेच बघत बसलेलो."

आम्ही खाली आलो. सासरे रिकाम्या पलंगावर बसले होते. त्यांनी शिरीषला जवळ बोलावलं.

"त्या दिवशी नीट दिसली ना रे ती?"

"हो बाबा. अगदी स्वच्छ."

"बरं झालं," ते म्हणाले. "माझं बघायचं राहून गेलं."