ओरुरोचा दुसरा सांधा

नीवेस आयाविरी आणि वाल्टर लेदेस्मा कोचाबांबाच्या कॉलेजात एका बाकावर बसून शिकले. पुढे ती तिथल्याच टेलिफोन सहकारी संस्थेत लागली, तो ओरुरोच्या. एकदा भर सभेत वाल्टर तिच्या नेटवर्कला कोंबड्यांचं खुराडं म्हणाला. सगळे हसले. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग दोन्ही संस्था एक झाल्या. कुठल्या गावाला कुठून जायचं हे प्रत्येक नेटवर्कचे राउटर आपापल्या बोलीत एकमेकांना सांगत असत; आता एकीकडचे मार्ग दुसरीकडच्या बोलीत पोचवायला हवे होते. नीवेसने कोचाबांबाला दोन्ही बोली जोडणारा तसा सांधा बसवला आणि तो सुरळीत चालला. ओरुरोचा कार्निव्हल तोंडावर आला होता, फोनची गर्दी होणार होती. एकाच सांध्यावर विसंबायचं नाही, म्हणून वाल्टरने ओरुरोला दुसरा बसवायला घेतला.

हे साहेबांकडून कळलं तेव्हा नीवेसच्या मनात पाल चुकचुकली. सांधे दोन झाले की पलीकडे दिलेल्या प्रत्येक मार्गावर खूण हवी आणि खुणेचा मार्ग दुसऱ्या सांध्याच्या दारातून परत आत घ्यायचा नाही. नाहीतर आपलीच बातमी नवी म्हणून आपल्याकडे परत येते. तिने वाल्टरला फोन केला. त्याने उचलला नाही. पुन्हा कशाला नाक घासायचं, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला. आपल्या सांध्यावर खुणाही लावल्या नाहीत.

दुसरा सांधा सुरू झाला त्याच दिवशी ओरुरोच्या नेटवर्कवरची उनसीयाकडची गावं मुकी झाली. तिथला मार्ग नीवेसच्या दारातून कोचाबांबात शिरला आणि वाल्टरच्या दारातून ओरुरोला परतला. ओरुरोला वाटे उनसीया कोचाबांबाकडून जवळ, कोचाबांबाला वाटे ओरुरोकडून. फोन दोन्ही नेटवर्कांमध्ये घिरट्या घालत विरून जात. नीवेसने पुन्हा फोन लावला. या वेळी वाल्टरने लगेच उचलला.

"खुणा लावल्या नाहीस?" त्याने विचारलं.

"लावायला हव्या होत्या. तू विचारशील असं वाटलं."

"मलाही वाटलं, तूच सांगशील."

दोघांनी मिळून काम उरकलं. संध्याकाळपर्यंत गावं बोलू लागली. फोन ठेवता ठेवता वाल्टरने एक विनोदही केला, आणि नीवेसला वाटलं, चला, निदान एवढं तरी सुधारलं.

काही आठवड्यांनी वाल्टरची बहीण सेवेरिना भेटली, तिच्याकडून कळलं. फोन बंद होते त्या दुपारी उनसीयात त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली होती. म्हातारा मुलाला फोन लावत राहिला. शेवटी शेजाऱ्याने ट्रकमध्ये घातलं, पण दवाखाना गाठता आला नाही.

नीवेस तशीच ओरुरोला गेली. वाल्टरने तिला आपी पाजली, जांभळ्या मक्याचं गरम पेय. तिने सगळा दोष स्वतःवर घेतला, तसं त्याने नकारार्थी मान हलवली.

"तू पहिल्यांदा फोन केलास तेव्हा मी नाव बघून तो वाजू दिला होता. तुझ्या डोक्यावर खापर फोडून मला हलकं व्हायचं नाही, नीवेस."

तो नोकरी सोडून आईपाशी उनसीयाला राहायला गेला. मृतांच्या सणाला नीवेस प्रथेप्रमाणे घरी भाजलेली पावाची बाहुली घेऊन तिथे गेली आणि म्हाताऱ्याच्या फोटोपुढे मांडलेल्या टेबलावर ठेवली. ही कोण, असं आईने विचारलं.

"कॉलेजातली मैत्रीण," वाल्टर म्हणाला.

आईने तिला जवळ बसवून घेतलं, आणि ते दुखणं कसं अचानक आलं, मुलाला फोन कसा लागेना, ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं. नीवेस मान खाली घालून ऐकत राहिली.