सुक्याचा दाखला

मुरबाडच्या नाक्यावरचं गॅरेज हरेशशेटचं, पण चालायचं ते सुक्याच्या हातावर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेटला पाना कुठल्या बाजूने धरायचा तेवढं कळत होतं, बास. गावाबाहेरच्या वाडीतला सुक्या मात्र चौदा वर्षं तिथे गाड्यांखाली लोळला. गिऱ्हाइकं त्याला 'मेस्तरी' म्हणत. हरेश म्हणायचा, "ए सुक्या."

२००३ साली शहापूरकडच्या एका कंपनीत गाड्यांसाठी मेस्तरी हवा होता. कायमची नोकरी. बायको बुधी म्हणाली, "जा की. किती दिस 'ए सुक्या' ऐकशील?"

कंपनीला जुन्या मालकाचा दाखला लागत होता. हरेशने हसत हसत लिहून दिला, शिक्का मारला, वर चहा पाजला. सुक्याला वाचता येत नव्हतं. कुणाकडून वाचून घ्यावा, तर शेटवर संशय घेतल्यासारखं होईल, म्हणून त्याने कागद तसाच खिशात घातला. भोळा बिचारा! इथेच फसला.

कंपनीच्या फाटकात साहेबांची जुनी फियाट बंद पडली होती. सुक्या न सांगता पुढे झाला. इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप अडकला होता. त्याने नळी काढून तोंडाने ओढून पाहिली, पेट्रोल थुंकला, पंपाचं झाकण खोलून आत चिकटलेली झडप पुसून मोकळी केली. मग खालची दांडी बोटाने दाबत पेट्रोल वर आणलं. "मारा सेल्फ," म्हणाला. गाडी सुरू झाली. साहेब खूश झाले आणि दाखला वाचू लागले.

"अरे, यात तर तू गाड्या धुतोस असं लिहिलंय."

"सायेब, आता तर तुमच्या म्होरं पंप सोडवला."

"मी पाहिलं रे. पण वर कागद जातो. तुझे हात कसे पाठवू?"

सुक्या परत आला. हरेशला ना लाज ना शरम. "तू गेलास तर इथले पंप कोण सोडवणार?" म्हणाला. "म्हणून तसं लिहिलं. राग नको धरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाने फियाट ढकलत आणली. "ए सुक्या, पंप बघ."

सुक्याने बादली भरली. काचा, चाकं, टप, सगळी गाडी लख्ख धुतली. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

"अरे, पंप?" हरेश म्हणाला.

"तो मेस्तरीला सांगा, शेट. मी गाड्या धुतो. तुमीच लिवलंय."

फडकं पिळून त्याने तारेवर टाकलं आणि तो वाडीकडे चालू लागला. दुसरा दाखला कोण देणार? दिवाळीनंतर सुक्या आणि बुधी वीटभट्टीवर गेली. तिथे कुणी कागद मागत नाही.