आमचे बिगरहंगामी साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर केलेली नाही, आणि आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात त्यांच्याइतका सुखी माणूस दुसरा नाही. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. मी त्यांच्यावर जळतो. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे मानानं माझ्याहून लहान; त्यानं जरा मागं राहावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

लोक जे ज्या वेळी करत नाहीत, ते त्याच वेळी करायचं, हा त्यांचा बाणा. स्वेटर मे महिन्यात घेणार, छत्री दिवाळीत. अंबाबाईला नवरात्रात जाणार नाहीत, कुठल्यातरी आडवारी भर दुपारी जाऊन येतात आणि वर सांगतात, "आई तीच हाय की. गर्दी नसली म्हंजे निवांत बोलती." लग्नसुद्धा त्यांनी पौषात केलं. सासरे आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. पण शाहूपुरीतलं कार्यालय दोन दिवस मोकळं मिळालं, आणि आचाऱ्याला दुसरं काम नसल्यानं त्यानं जीव ओतून रांधलं. त्या पंगतीची आठवण लोक अजून काढतात. माझं लग्न वैशाखातल्या दणदणीत मुहूर्तावरचं. आमचा बँड निम्म्या वरातीतून पुढच्या लग्नाला पळाला.

अशा माणसाला, दिवाळी झाली की नॉर्वे स्वस्त होतं, हा शोध लागणारच. उन्हाळ्यात तिकडं जग लोटतं. थंडीचा अंधार पडला की विमानं रिकामी, खोल्या रिकाम्या. साडू तेव्हा निघतात. पिशवीत भडंग, लसणाची चटणी आणि कडक भाकरी; अंगात मित्रांकडून मागून आणलेले कोट. कोटांची परीक्षा ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या शीतगृहात होते. एकदा मलाही आत घेऊन गेले. मी पाच मिनिटांत दात वाजवत बाहेर आलो आणि हे आत खोक्यावर बसून डबा खात होते. राग थंडीचा आला की त्यांचा, सांगता येत नाही.

मला स्वित्झर्लंडला जायचं होतं. मे महिन्यात, रीतसर, सहल कंपनीची टोपी घालून. वीस वर्षं मी माहितीपत्रकं जमवली आणि योग्य हंगामाची वाट बघितली. माझा पासपोर्ट एकही शिक्का न बसता मुदत संपून गेला, त्याला काय करणार!

यंदा साडू घरी येऊन म्हणाले, नॉर्वेत चौघांत एक घर भाड्यानं घेतलं तर फार स्वस्तात पडतंय, तुम्ही दोघं चला. हिचा चेहरा असा काही उजळला की माझं डोकंच फिरलं. माझ्या संसारात हिला हौसेनं नेणारा हा कोण? मी म्हटलं, "अंधार बघायला एवढ्या लांब कशाला? इथं कळंब्यात लाईट गेली की घरबसल्या दिसतोय." साडू मनापासून हसले. मेहुणी हसली. ही हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं पासपोर्टचा अर्ज भरला आणि नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर निघून गेली.

चार दिवसांनी, मी दुपारी जेवायला बसलो असताना तिचा फोन आला. आदल्या रात्री त्यांना आभाळातले ते हिरवे उजेड दिसले होते. तिला धड सांगता येत नव्हतं. आभाळभर पातळ हिरवं काहीतरी सरकत होतं म्हणे, आवाज नाही, काही नाही. "अहो, मी अशी घाबरले," ती म्हणाली, "की शेजारी तुम्हीच आहात समजून दंड गच्च धरला. बघते तर पावणं! बिचारे हललेसुद्धा नाहीत. मी सोडेपर्यंत गप उभे राहिले."

मागून साडूंचा आवाज आला, "साडूभाऊ, जागा तुमचीच हुती. मी नुसता उभा हुतो."

मला हसायला हवं होतं. पण तो हात मला डोळ्यांसमोर दिसत होता. तीस वर्षांत तिनं माझा दंड असा कधी धरला नव्हता. धरावा असं काही दाखवायला मी तिला कधी नेलंच नव्हतं.