त्याचा आकडा आणि माझा आकडा

त्याचा, म्हणजे गावातल्या दुसऱ्या फोटोग्राफरचा, कॅमेरा माझ्या काउंटरवर आला तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्याने नवा घेतला होता आणि जुना विकायला काढला होता. कोपरगावकडचा एक साखर कारखान्यातला माणूस तो घ्यायला आमच्या कोल्हारला आला होता. सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं या माणसाच्या मनात होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, आधी शटर किती चाललंय ते बघून घे, आणि आमच्या भागात ते बघून देणारा मी एकटा. म्हणून तो कॅमेरा घेऊन थेट माझ्या दुकानात.

"दादा, लई चालला असंल का वो?"

"बघू की," मी म्हणालो. मनात म्हणालो, चालला असला तर सोन्याहून पिवळं.

कारण माझ्याकडेही तेच मॉडेल होतं. आम्ही दोघांनी एकाच दसऱ्याला घेतलेलं. मलाही ते विकायचं होतं. त्याचा आकडा वाईट निघाला की माझा पुढे सरकवायचा आणि गिऱ्हाईक त्याच्या हातातून काढून घ्यायचं, एवढं साधं गणित होतं. आयुष्यात एकदा तरी त्याच्यावर मात करायची होती.

आम्ही दोघं एकाच स्टुडिओत, चाचांच्या हाताखाली शिकलो. तिथे मी त्याच्या आधी लागलो होतो. फोकस कसा धरायचा हे त्याला मी दाखवलं. आज पंचक्रोशीत कुणाचं लग्न ठरलं की आधी त्याची तारीख विचारतात. तो नवरदेवाकडून असतो आणि मी नवरीकडून, एवढंच काय ते मला उरलंय. लोक म्हणतात त्याचा हात चांगला आहे. माझा काय लाकडाचा आहे?

शटरचा आकडा बघणं काही अवघड नाही. कॅमेऱ्यातून एक ताजा फोटो काढायचा, त्यात काही फेरफार न करता संगणकावर घ्यायचा आणि एका वेबसाइटवर टाकायचा. आजवर शटर किती वेळा पडलं, ते त्या फोटोच्या फाईलमध्येच लिहिलेलं असतं. मी काउंटरवरच्या कात्रीचा फोटो काढला. आकडा आला, दोन लाख अठरा हजार.

माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र पाडून ठेवला. "दमलाय हो कॅमेरा," मी म्हणालो. "शटर कधी बसेल सांगता येत नाही."

तो विचारात पडला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. मी झटकन माझा कॅमेरा काढला, त्याच कात्रीचा फोटो घेतला आणि फाईल टाकली. एकाहत्तर हजार. गिऱ्हाईक माझंच होतं.

आणि मग मला ते दिसलं. आमची लग्नं बहुतेक एकच. मांडव तोच, स्टेज तेच, फक्त बाजू दोन. मग त्याचा आकडा माझ्या तिप्पट कसा?

मला ठाऊक होतं कसा. रिळाच्या काळात चाचांनी शिकवलं होतं, आहेराची रांग लागली की प्रत्येकाचा फोटो काढायचा नाही, कोरा फ्लॅश मारायचा. फ्लॅशच्या मागचं छोटं बटण दाबलं की उजेड पडतो, माणूस खूश होऊन खाली उतरतो आणि रीळ वाचतं. रीळ गेलं, कार्ड आलं, तरी मी कोरा मारतच राहिलो. घरी येऊन ढीगभर फोटो कोण निवडणार? त्याने ती सवय सोडली. स्टेजवर चढलेल्या प्रत्येकाचा तो खरंच फोटो काढत होता, आणि मी त्याला मनातल्या मनात येडा म्हणत होतो.

नात्यातल्याच एका लग्नात आमचे वडील टॉवेल-टोपी घेऊन स्टेजवर आले. रांग मोठी होती. मी मान वर न करता कोरा मारला. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले. दहाव्याला फोटो हवा म्हणून मी त्या लग्नाचं कार्ड तीनदा पाहिलं. वडील कुठेच नव्हते. मागायला मी त्याच्याकडे गेलो नाही. तोच फ्रेम करून घेऊन आला.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. खाली कोपऱ्यात त्याच्या स्टुडिओचं नाव आहे. वडील हसतायत, पण त्याच्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. स्टेजच्या दुसऱ्या बाजूला बघतायत. तिथे मी उभा होतो. ते माझ्यासाठी हसले आणि फोटो निघाला त्याच्याकडे. त्याच्या ऑर्डरींचं मी एक वेळ सहन करीन, हे मला आजही सहन होत नाही.

माणूस फोन संपवून आत आला. त्याला काउंटरवर माझा कॅमेरा दिसला.

"दादा, ह्यो बी तसलाच दिसतोय. तुमचाच हाय ना? ह्याचा किती झाला?"

एकाहत्तर हजार म्हणायचं, एवढंच काम होतं. त्यासाठीच सगळा खटाटोप केला होता. पण तो आकडा माझ्या तोंडातून निघेना. दोन लाख अठरा हजारांच्या शेजारी तो ठेवायची मला लाज वाटली. मी हळूच संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"तेवढाच," मी म्हणालो. "थोडा जास्तच असेल. लग्नं काय कमी केली का आपण?"

"व्हय का," तो म्हणाला आणि कॅमेरा पिशवीत घालू लागला. "मंग त्यांचाच बरा."